सुरात लावलेला जनरेटर

गुरुवार, २२ नोव्हेंबर १९७९. दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी चिंचवडच्या एका कारखान्याच्या कामगार कल्याण सभागृहात वीज गेली.

व्यासपीठावर चार म्हातारे आपापली वाद्यं जुळवत होते. समोर खुर्च्या भरत आल्या होत्या. चार वाजता कार्यक्रम सुरू व्हायचा होता, तो टेपवर घेतला जाणार होता आणि मुंबईची एक लहानशी रेकॉर्ड कंपनी त्याची तबकडी काढणार होती. त्यामुळे वीज गेल्याबरोबर सगळ्यांनी एकाच माणसाकडे पाहिलं. तो माणूस, कारखान्याचा इलेक्ट्रिकल सुपरवायझर अनंत देवस्थळी, शांत होता. वीज जाणार हे त्याला ठाऊक होतं. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांना विजेच्या वाटणीत गुरुवारची सुट्टी आलेली. सगळे मोकळे म्हणून कार्यक्रम गुरुवारी ठेवायचा, आणि कारखाने बंद म्हणून तारांची कामंही गुरुवारीच निघायची. अनंतने सकाळीच मागच्या शेडमधल्या जनरेटरमध्ये डिझेल भरून ठेवलं होतं.

पाच मिनिटांत दिवे लागले. पंखे फिरू लागले. सूटकेसएवढ्या टेपरेकॉर्डरचा लाल दिवा पेटला. हा रेकॉर्डर कारखान्याच्या ट्रेनिंग सेंटरचा. तो मिळवायला अनंतला तीन साहेबांच्या मिनतवाऱ्या कराव्या लागल्या होत्या.

या चौघांना कारखान्यात ‘गुरुवारचा बँड’ म्हणत. एकाही जणाचं वय पंचावन्नच्या आत नव्हतं. ढोलकीवर बबनराव काळोखे, देहूकडचे, पेंट शॉपमध्ये लागण्यापूर्वी दहा वर्षं तमाशाच्या फडांबरोबर हिंडलेले. डबल बासवर दौलतराव जगताप, हे सर्कशीच्या बँडमधून आलेले. वाघाच्या पिंजऱ्याशेजारी वाजवायची सवय असल्यामुळे साहेबांपुढे वाजवताना आपल्याला काही वाटत नाही, असं ते सांगत. अॅकॉर्डियनवर अण्णासाहेब राजवाडे, निवृत्त शाळामास्तर. आणि सॅक्सोफोनवर दत्तोबा वायकर.

खरं म्हणजे हा बँड दत्तोबांचाच. तरुणपणी ते खडकीला लष्कराच्या बँडमध्ये होते. तिथून मुंबईला गेले, तिथल्या हॉटेलांत गोव्याच्या वादकांशेजारी बसून जॅझ शिकले, आणि दिवसा सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात मागच्या रांगेत वाजवू लागले. शेकडो गाण्यांत त्यांचा सॅक्स आहे. नाव एकाही तबकडीवर नाही. बासष्टच्या सुमारास हॉटेलांतलं काम आटलं, तेव्हा ते पिंपरीला येऊन एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये चिकटले. पुढे बबनरावांची गाठ पडली आणि लावणीच्या ठेक्यावर जॅझ वाजवण्याचा खेळ सुरू झाला. आधी गंमत म्हणून, मग दर गुरुवारी.

दत्तोबांच्या वाजवण्याची एक खोड होती. ते ठेक्याबरोबर चालत नसत. ठेक्याला पुढे जाऊ देत, आणि मग मागून सावकाश येत, घरच्याच माणसाने उशिरा जेवायला यावं तसे. नवखा ऐकणारा अस्वस्थ व्हायचा, की हा माणूस चुकतोय. मग समेवर दोघे एकत्र यायचे आणि तो खुर्चीतच हसायचा. त्यांचा सूर जाड आणि खालचा होता, जरासा घोगरा. अनंत गेली अकरा वर्षं दर गुरुवारी तो सूर ऐकायला येत होता. त्याला स्वतःला काही वाजवता येत नव्हतं. हा सूर टेपवर यावा, आणि दत्तोबांचं नाव एकदा तरी तबकडीवर छापलं जावं, एवढं एकच त्याने मनावर घेतलं होतं. मुंबईच्या कंपनीच्या दस्तूरशेठना त्यानेच गाठलं होतं. फ्यूजनची हवा आहे, लोकांसमोरचं वादन असेल तर काढू, असं ते म्हणाले होते.

जनरेटर सुरू झाला आणि मागच्या दाराने त्याची घुमघुम सभागृहात येऊ लागली.

“अनंतराव,” बबनराव ढोलकीवरचा हात थांबवून म्हणाले, “तुमचं हे मशीन लई बेसूर बोंबलतंय बगा.”

अण्णासाहेबांनी मान तिरपी करून ऐकलं, मग अॅकॉर्डियनची एकेक पट्टी दाबून पाहिली. “पांढरी पाच. पांढरी पाचच्याही किंचित वर. आपण काळी तीनमध्ये आहोत. सबंध कार्यक्रमभर हा खटकणार, आणि टेपवरही येणार.”

“मग आपणच चढू या का पांढरी पाचला?” दत्तोबांनी विचारलं.

“आमची ढोलकी न्हाई चढायची. शाई फुटंल तिची.”

“तर मग जनरेटरलाच खाली बोलवा,” दौलतराव म्हणाले. “आमच्या सर्कशीत हत्तीसुद्धा सांगितलं की बसायचा.”

लोक हसले. अनंत मात्र हसला नाही. तो विचार करत होता. इंजिनाचा वेग गव्हर्नरने बांधलेला असतो. गव्हर्नरचा स्क्रू थोडा फिरवला की इंजिन सावकाश चालतं, आणि सावकाश चाललं की त्याची घुमघुम खाली उतरते. दिवे जरा पिवळे पडतील, पंखे जरा हळू फिरतील. बाकी कुणाचं काही बिघडत नाही.

तो स्क्रू-ड्रायव्हर घेऊन शेडमध्ये गेला. अण्णासाहेबांनी काळी तीनची पट्टी दाबून धरली. दोघांच्या मध्ये, दारात, बबनराव उभे राहिले.

“आजून,” ते ओरडत होते. “आजून उतरू द्या... आजून थोडं... जरा जास्त झालं, वर घ्या... हां! हां! बास! हात लावू नका आता!”

इंजिनाची घुमघुम अॅकॉर्डियनच्या सुरात अशी विरघळली, की अण्णासाहेबांनी पट्टी सोडल्यावरही सूर चालूच राहिल्यासारखा वाटला.

“अरे अनंता,” दत्तोबा म्हणाले, “तू तर तंबोराच केलास की रे त्याचा!”

पुढच्या रांगांनी टाळ्या वाजवल्या. हात पुसत दारात आलेल्या अनंतच्या कानांवर त्या पडल्या. अठरा वर्षांच्या नोकरीत त्याच्या कामाला टाळ्या पडण्याची ती पहिलीच वेळ.

कार्यक्रम झाला. त्याबद्दल तिथे हजर असलेली माणसं आजही एकमेकांना सांगतात. उत्तरार्धात चौघांनी एकच लांबलचक चीज वाजवली. तिला नाव नव्हतं. तबकडीवर पुढे तिचं नाव ‘गुरुवार’ असं छापलं आणि दुसरी बाजू सबंध तिलाच दिली. बबनरावांनी ठेका धरला, दौलतराव त्याच्याखाली बास ओढत राहिले, आणि दत्तोबा बराच वेळ नुसते उभे. लोकांना वाटलं, ते विसरले. मग ते आले. तमाशाच्या बोर्डावर कमावलेली ती चपळ ढोलकी आणि तिच्यामागून रेंगाळत येणारा तो जाड, घोगरा सूर. जनरेटर मागे काळी तीनमध्ये घुमत होता. डोक्यावर इअरफोन लावून रेकॉर्डरपुढे बसलेल्या अनंतला इतकंच कळत होतं, की काटा लाल पट्ट्याच्या अलीकडे आहे आणि आपल्या डोळ्यांतून पाणी येतंय.

लोक गेल्यावर तिथेच, जनरेटर चालू असतानाच, त्यांनी टेप मागे फिरवून ऐकली. आधी अण्णासाहेबांनी, मग दत्तोबांनी. दत्तोबा इअरफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून बसले होते. चेहरा हलला नाही. पाच-सात मिनिटांनी त्यांनी इअरफोन काढले.

“हां,” ते म्हणाले. “हे माझं.”

टेप तशीच खोक्यात बंद झाली. दुसऱ्या दिवशी अनंतचा मेव्हणा मुंबईला जाणार होता, त्याच्याबरोबर ती गेली. पुन्हा ऐकून बघावी असं कुणाला वाटलं नाही. वाटावं असं कारणही नव्हतं, सगळ्यांनी ऐकलीच होती. शुक्रवारी सकाळी अनंत सभागृहात वायरी गुंडाळायला गेला, तेव्हा भिंतीवरचं विजेचं घड्याळ दहा-बारा मिनिटं मागे पडलेलं त्याला दिसलं. शिडी लावून त्याने काटे पुढे सरकवले आणि वायरी घेऊन खाली आला.

तबकडी पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये आली. वेष्टनावर कारखान्याची धुराडी आणि त्यांच्यापुढे सॅक्सोफोन, असं चित्र होतं. मागच्या बाजूला चार नावं, सगळ्यात वर ‘दत्तोबा वायकर’. ती आली त्याच आठवड्यातल्या गुरुवारी अनंतने सगळ्यांना निगडीच्या प्राधिकरणातल्या आपल्या घरी बोलावलं. अण्णासाहेब येऊ शकले नाहीत. मुलीचं बाळंतपण आणि मग तिचं आजारपण निघाल्यामुळे ते नगरला जाऊन राहिले होते. दत्तोबा आणि रुक्मिणीबाई सांगवीहून दोन बस बदलून आले. रुक्मिणीबाईंनी नवं लुगडं नेसलं होतं. अनंतच्या बायकोने, मृदुलाने, शिरा केला होता.

रुक्मिणीबाई वेष्टन हातात घेऊन बसल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. मृदुलाने त्यांचं बोट धरून नावाखालून फिरवलं.

“एवढुसंच व्हय?” त्या म्हणाल्या, आणि बोट तिथून हलेना.

तबकडी लागली. पहिल्या बाजूला बबनराव मान डोलवत होते, दौलतराव हसत होते. “काय पळालोय राव आपण!” ते म्हणाले. “वाघ सुटल्यासारखे!”

“ढोलकी बारकी वाटती जरा,” बबनराव म्हणाले. “पर ग्वाड हाय.”

अनंतलाही ती आठवणीपेक्षा तरतरीत वाटली. त्याला ते आवडलं. मुंबईवाल्यांनी काहीतरी उजळून घेतलं असेल, असं त्याने धरून चाललं.

दुसरी बाजू सुरू झाल्यावर दत्तोबा पुढे वाकले. त्यांचा सॅक्स आला. तो जाड नव्हता. घोगरा तर मुळीच नव्हता. ढोलकीमागून तो येत होता खरा, पण लगबगीने, चुकलेली गाडी गाठायला निघाल्यासारखा. दत्तोबांनी ती बाजू शेवटपर्यंत ऐकली. सुई उचलली गेली तसं त्यांनी मृदुलाने दिलेलं पाणी प्यायलं.

“चांगलं वाजवलंय,” ते म्हणाले. “कोण आहे हा?”

सगळे हसले. दत्तोबा हसले नाहीत, तेव्हा हसणं थांबलं.

“अनंता, मी असं वाजवतो?”

त्या एका प्रश्नाला अनंतने जे उत्तर दिलं, ते त्याने पुढे कितीतरी वेळा मनात पुसून पुन्हा लिहून पाहिलं. मला ठाऊक नाही, असं म्हणता आलं असतं. पुन्हा एकदा ऐकू, असं म्हणता आलं असतं. पण तो यंत्राचा माणूस होता, यंत्र त्याने मिनतवाऱ्या करून आणलेलं होतं, आणि समोरच्या माणसाने त्या यंत्रावर शंका घेतली होती.

“दत्तोबा,” तो म्हणाला, “माणसाच्या कानाचं सांगता येत नाही. पण मशीन मनचं काही घालत नाही. तुम्ही वाजवलंत तेच त्याच्यात आहे.”

“पण त्या दिवशी ऐकलं तेव्हा...”

“त्या दिवशी तुम्ही थकलेले होतात. रंगात होतात. तेव्हा काय, सगळंच छान वाटतं.”

दत्तोबांनी मान हलवली. त्यांचा अशा गोष्टींवर विश्वास होता. मुंबईच्या स्टुडिओत पंधरा वर्षं काचेमागच्या माणसाने ‘पुन्हा’ म्हटलं की त्यांनी पुन्हा वाजवलं होतं. काचेमागच्या माणसाशी वाद घालायचा नसतो, एवढं ते शिकले होते.

“म्हातारे झाले की लोक हळू होतात,” ते उठता उठता म्हणाले. “मी घाई करायला लागलो. आणि मला पत्ता नाही.”

पुढच्या गुरुवारी ते आले नाहीत. बस चुकली, असा निरोप आला. त्याच्या पुढच्या गुरुवारी निरोपही आला नाही.

इथे दत्तोबांच्या दातांविषयी सांगायला हवं. सॅक्सोफोन वाजवणाऱ्याचे वरचे दात वाद्याच्या मुखावर टेकतात, आणि खालचा ओठ खालच्या दातांवर दुमडून रीडखाली, म्हणजे मुखाला लावलेल्या वेताच्या पातळ पट्टीखाली, घ्यावा लागतो. पुढचे दात म्हणजे त्याच्या पायाखालची जमीनच. दत्तोबांच्या हिरड्या कित्येक वर्षं खराब होत्या. खालचे चार दात हलत होते, जेवताना दुखत, रात्री ठणकत. पिंपरीच्या डॉक्टरांनी सगळे काढून कवळी बसवायला सांगितलं होतं. दत्तोबा लवंगेचं तेल लावायचे, भाकरी दुधात कुस्करून खायचे आणि दात राखायचे. “हे दात खायचे नाहीत, वाजवायचे आहेत,” असं ते म्हणत. रुक्मिणीबाई चिडायच्या.

मे महिन्यात ते स्वतःहून दवाखान्यात गेले आणि दात काढून आले. आधी खालचे, पंधरा दिवसांनी वरचे. बरोबर कुणाला नेलं नाही.

हे बबनरावांकडून कळलं. पिंपरीच्या बाजारात त्यांना दत्तोबा भेटले होते, तोंडाला उपरणं लावून.

“म्या इचारलं, दत्तोबा, आता वाजवायचं कसं?” बबनराव अनंतला सांगत होते. “तर म्हनले, वाजवायचंच न्हाई तर ठेवायचे कशाला? आता निदान शेंगदाने तरी खातो.”

अनंत सांगवीला जाऊन आला. दत्तोबा कवळी लावून बसले होते. गाल भरल्यासारखे दिसत होते, आणि बोलताना शब्द जरा घसरत होते. रुक्मिणीबाई खूश होत्या. किती वर्षांनी भाकरी मोडून खातायत, म्हणाल्या. दत्तोबांनी बँडचं विचारलं. बँड बंदच होता. ढोलकी, बास आणि कुणीच नाही, अशा बँडला काय करायचं? त्या दिवाळीत त्यांनी सॅक्सोफोन तळेगावच्या लग्नाच्या बँडवाल्याला, गजानन मास्तरला, देऊन टाकला. वाद्य पडून राहिलं की मरतं, एवढंच कारण सांगितलं.

अनंतला वाईट वाटलं. तरी म्हातारपण म्हणून तोही ते धरून चालला. तबकडी त्याच्या कपाटात होती. मुंबईत ती बऱ्यापैकी गेली. तरुण पोरांना तो वेगवान सॅक्स आवडला, असं दस्तूरशेठ फोनवर म्हणाले.

अण्णासाहेब नगरहून परत आले ते एक्क्याऐंशीच्या जूनमध्ये. आल्यावर त्यांनी तबकडी मागून नेली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते अॅकॉर्डियन गळ्यात अडकवूनच अनंतच्या दारात उभे.

“अनंतराव, एक सांगा. माझी पेटी उतरली, की तुमची तबकडी चढली?”

“म्हणजे?”

“म्हणजे मी तबकडीबरोबर वाजवायला बसलो. स्वतःचंच वाजवलेलं आहे, स्वतःबरोबर जुळायला नको? जुळेना. आम्ही काळी तीनमध्ये वाजवलं. तबकडीवर पांढरी पाच. पांढरी पाचच्याही किंचित वर.”

‘पांढरी पाचच्याही किंचित वर’ हे शब्द याच माणसाच्या तोंडून अनंतने पूर्वी एकदा ऐकले होते. कुठे, ते आठवायला त्याला दोन क्षण लागले. मग तो खुर्चीत बसला.

मृदुला चहा घेऊन आली, तेव्हा तो अण्णासाहेबांना एकेक पायरी सांगत होता. रेकॉर्डरची मोटर विजेच्या आवर्तनांवर चालते. विजेची आवर्तनं इंजिनाच्या वेगावर. इंजिन त्याने स्वतःच्या हाताने उतरवलं होतं. त्यामुळे टेप हळू फिरली. हळू घेतलेली टेप त्याच हळू विजेवर ऐकली, म्हणून त्या दिवशी ती बरोबर वाटली. मुंबईला नेहमीच्या विजेवर ती पूर्ण वेगाने फिरली, आणि तिच्यावरचं सगळं वर चढलं आणि पळू लागलं. ढोलकी, बास, सॅक्स, सगळंच. भिंतीवरच्या घड्याळाची मोटरही त्याच जातीची. ते दहा-बारा मिनिटं मागे पडून त्याला तेच सांगत होतं, आणि त्याने शिडी लावून त्याचे काटे सरकवले होते. हे सगळं त्याला कॉलेजपासून पाठ होतं. दर पावसाळ्यात तो शिकाऊ मुलांना शिकवत असे.

“म्हणजे दत्तोबांनी घाई केली नव्हती,” अण्णासाहेब म्हणाले.

“नाही.”

“कुणीच केली नव्हती.”

“नाही, अण्णासाहेब.”

अण्णासाहेबांनी अॅकॉर्डियनचा भाता हळूच मिटला. “मी नगरला गेलो नसतो तर पहिल्याच दिवशी कळलं असतं हो,” ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांकडे बघवत नव्हतं. “पण लेक आजारी होती. काय करणार?”

मुंबईची टेप मिळेना. दस्तूरशेठच्या कंपनीने जागा बदलली होती, आणि जुन्या टेपा पुसून वापरायची तिथे रीत होती. सापडली तर कळवू, असं ते म्हणाले. पण तबकडी होती, जनरेटर होता आणि अण्णासाहेबांचा कान होता. जुलैतल्या एका गुरुवारी अनंतने रेकॉर्ड प्लेअर सभागृहात नेला, जनरेटरवर लावला आणि गव्हर्नरचा स्क्रू पुन्हा फिरवला. या वेळी तबकडी अॅकॉर्डियनवर येऊन टेकेपर्यंत. बबनराव पुन्हा दारात उभे होते, पण ओरडत नव्हते, नुसता हात हलवत होते. हात थांबला.

रिकाम्या खुर्च्यांपुढे दत्तोबांचा सूर आला. जाड, खालचा, घोगरा. ढोलकी पुढे निघून गेली होती, आणि तो मागून आपल्या चालीने येत होता.

“ह्यो आला बगा,” बबनराव म्हणाले आणि जनरेटरच्या शेडकडे तोंड करून उभे राहिले.

अनंतने ते कॅसेटवर उतरवून घेतलं. बॅटरीवर चालणाऱ्या कॅसेट रेकॉर्डरवर, ही काळजी त्याने आता घेतली.

पुढच्या रविवारी तो सांगवीला गेला. दत्तोबा ओट्यावर बसून शेंगा सोलत होते. अनंतने आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. इंजिन, टेप, घड्याळ. दत्तोबांनी मध्ये एकच प्रश्न विचारला.

“म्हणजे मी बरोबर होतो?”

“होतात.”

“आणि तू म्हणालास, मशीन मनचं घालत नाही.”

“मशीनने घातलं नाही, दत्तोबा. मी घातलं.”

आतून रुक्मिणीबाई आल्या होत्या. दारातच थांबल्या. “भावजी,” त्या म्हणाल्या, “हे आता कशाला सांगितलंत हो? चांगलं जेवत होते.”

न सांगता राहावं का, याचा अनंतने महिनाभर विचार केला होता. आपण घाई केली, असं समजून या माणसाने मरावं, हे त्याला सोसेना. आता वाटत होतं, की ते सोसणं सोपं झालं असतं.

दत्तोबांनी ओंजळीतल्या शेंगा परातीत टाकल्या. तोंडात अंगठा घालून कवळी जरा वर दाबली. तशी त्यांना सवयच लागली होती.

“कॅसेट आणलीयस?”

“आणलीय. मशीनपण आणलंय. लावू?”

“नको.”

“थोडं तरी ऐका, दत्तोबा. दोन मिनिटं.”

“ऐकून काय करू रे, अनंता?” त्यांचा आवाज चढलेला नव्हता. “वाईट वाजवतो म्हणून सोडलं, तेव्हा झोप लागत होती. आता चांगलं वाजवत होतो, हे ऐकत बसू? आणि मग?”

मग ते अनंतचा चहा सांगायला आत गेले. चहा झाला. पावसाचं बोलणं झालं. निघताना त्यांनी अनंतला बसथांब्यापर्यंत पोचवलं. “घुमघुम मात्र छान लावली होतीस,” ते म्हणाले. “तेवढं खरं होतं.” बस आली.

कॅसेट अनंतने रुक्मिणीबाईंकडे ठेवून दिली होती. ती त्यांनी कुठे ठेवली, हे त्यांनी सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. तबकडी बाजारात तशीच चढलेली विकली जात राहिली. दस्तूरशेठना त्याने चूक कळवली. दुसरी आवृत्ती निघाली तर पाहू, असं ते म्हणाले; आताच्या वेगाबद्दल कुणाची तक्रार नाही, हेही म्हणाले. सभागृहातला जनरेटर पूर्ण वेगावर परत आणून अनंतने गव्हर्नरच्या स्क्रूवर शिसं ओतून मोहर लावली. कुणी विचारलं तर, सुरक्षिततेसाठी, असं सांगतो. गुरुवारी संध्याकाळी तो सभागृहाकडे फिरकत नाही. मृदुलाने एकदा त्याला म्हटलं, “सगळे तिथेच तर होते. सगळ्यांनी टाळ्याच वाजवल्या.” त्याने त्यावर मान हलवली, आणि पुढे दोघांत तो विषय निघाला नाही.

यानंतरचं कळलेलं इतकंच. ब्याऐंशीच्या फेब्रुवारीत दौलतराव एका लग्नाला तळेगावला गेले होते. तिथे वाजवायला गजानन मास्तरचाच बँड होता. मास्तरने सांगितलं, की आठवड्यापूर्वी सांगवीचे दत्तोबा एकटेच येऊन गेले. वाद्य परत मागायला आले असतील, म्हणून त्याने ते काढून पुढे ठेवलं, तर त्यांनी हात लावला नाही. बाकड्यावर बसून त्यांनी पोरांची तालीम ऐकली. पुढचे दात पडलेलं कुणी तुमच्या बँडमध्ये वाजवतं का, असं विचारलं. मिरजेकडचा एक म्हातारा कवळी लावून क्लॅरिनेट वाजवतो असं ऐकलंय, मास्तर म्हणाला. दत्तोबांनी त्या माणसाचं गाव विचारून घेतलं, हल्ली रीड कुठून आणता तेही विचारलं, आणि संध्याकाळच्या गाडीने ते परत गेले.